चुकीच्या चिठ्ठीचं वटवाघूळ

१९४८ साल. तमिळनाडूतले मेघमलैचे डोंगर, इंग्रजांच्या भाषेत हाय वेव्ही. तिथे अँगस हटन या चहामळेवाल्याच्या हाती एक वटवाघूळ लागलं. माणूस निसर्गाचा नादिष्ट. नमुना मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आला आणि त्याला चिठ्ठी लागली ‘सायनॉप्टेरस’. म्हणजे आपल्या पेरू-चिकूवर रात्री धाड घालणारं, आखूड नाकाचं नेहमीचं वटवाघूळ.

चोवीस वर्षं ते त्याच नावाने पडून राहिलं. चिठ्ठी लावणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. तपकिरी केस, लहान चण. वरवर पाहणारा कुणीही फसला असता. खरी ओळख तोंडात होती.

१९७२ मध्ये थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी तो नमुना पुन्हा तपासला. सायनॉप्टेरसच्या जबड्यात समोरचे, पटाशीचे दात आठ. वर चार, खाली चार. इथे वर दोन, खाली दोन! एकूण दात तीसच्या जागी सव्वीस. एखादा दात पडला असता तर समजू शकतो, पण वर-खाली, डावी-उजवीकडे नेमका एकेक कमी? शिवाय बाहेरून दिसणारं शेपूटही नाही. नुसती जातीच नव्हे, तिच्या वरची पायरी, प्रजातीसुद्धा नवी निघाली.

प्रजातीचं नाव ठरलं लॅटिडेन्स, रुंद दातांचं. जातीला नाव मिळालं सलीम अलींचं. जन्मभर पाखरांमागे हिंडलेला माणूस, आणि नाव लागलं वटवाघळाला! किट्टींच्या वाट्यालाही तेच आलं. १९७४ मध्ये ते वारले आणि त्यांनीच शोधलेल्या, जेमतेम दोन ग्रॅम वजनाच्या थाई वटवाघळाला त्याच वर्षी त्यांचं नाव दिलं गेलं.

लॅटिडेन्सचा मात्र तो एकच नमुना. दुसरं जिवंत वटवाघूळ सापडायला १९९३ उजाडलं.

आता कायद्याचं बघा. वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं वर्षानुवर्षं उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीने गेली. सलीम अलींच्या वटवाघळाला त्याच्या कितीतरी आधी वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली होती. जुनी चिठ्ठी कुणी तपासलीच नसती, तर तेही पाचवीतच गेलं असतं.