गाडी कुणाच्या ताब्यात?

मंडळी, अमेरिकेतलं यादवी युद्ध म्हटलं की आपल्याला मुंबईचा कापूस आठवतो. १८६१ साली तिकडचा कापूस अडला, इकडे भाव चढले, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच फुगा फुटला. त्याच चार वर्षांत तिकडच्या जखमी शिपायांचं काय होत होतं, ते आज बघू. शस्त्रक्रियेबद्दल मी थोडंच बोलणार आहे, गाड्यांबद्दल जास्त.

त्या युद्धातली 'मिनी' गोळी (मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाची) मऊ शिशाची. हाडावर आपटली की पसरायची, हाडाचा चुरा करायची, वर कपड्याच्या चिंध्या जखमेत ओढून न्यायची. ब्रिटिश सर्जन लिस्टर याचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख आले १८६७ मध्ये. तोवर हात किंवा पाय कापणं हाच बहुतेकदा जीव वाचवायचा मार्ग होता. सिनेमात रुग्णाला दातांत गोळी धरायला देऊन पाय कापतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा क्लोरोफॉर्म किंवा ईथर दिलेलं असे. त्या सर्जनांना खाटीक म्हणायची पद्धत पडली आहे, मला ती अन्यायाची वाटते. आणि गोळ्यांपेक्षा हगवण, विषमज्वर यांनीच जास्त शिपाई नेले, हेही ध्यानात असू द्या.

पण सर्जन कितीही निष्णात असला, तरी जखमी त्याच्यापर्यंत पोचायला नको का? गाड्या होत्या रसदखात्याच्या. त्यांवर भाडोत्री गाडीवान. तोफा सुरू झाल्या की त्यातले कित्येक पसार. स्ट्रेचर उचलायला पलटणीतले बँडवाले. ऑगस्ट १८६२ च्या अखेरीस व्हर्जिनियात बुल रनची दुसरी लढाई झाली, तेव्हा जखमी माणसं कित्येक दिवस रानातच पडून राहिली. अन्न नाही, पाणी नाही.

उत्तरेच्या अनेक सैन्यांपैकी एक म्हणजे 'पोटोमॅकचं सैन्य'. त्याचा वैद्यकीय प्रमुख जोनाथन लेटरमन याने त्याच महिन्यात आपल्या सैन्यापुरती ही घडी मोडली होती. रुग्णगाड्या रसदखात्याकडून काढून वैद्यकीय विभागाकडे दिल्या. प्रत्येक गाडीला एक गाडीवान आणि दोन उचलणारे, तेही शिकवून तयार केलेले. रणाजवळ मलमपट्टीची जागा, थोडं मागे एखाद्या धान्यकोठारात शस्त्रक्रियेचं रुग्णालय, आणि दूर शहरात मोठी इस्पितळं. सप्टेंबरच्या १७ तारखेला मेरीलँडमध्ये अँटीटमला एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार मृत, जखमी आणि बेपत्ता झाले. तिथे आपल्या ताब्यातल्या भागातले जखमी लेटरमनच्या माणसांनी दुसऱ्या दिवसापर्यंत उचलले. बुल रननंतर तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते!

तरीही ही पद्धत साऱ्या सैन्याला लागू व्हायला दीड वर्ष गेलं. बोस्टनचे डॉक्टर हेन्री बाउडिच यांचा मुलगा नॅथॅनिएल मार्च १८६३ मध्ये व्हर्जिनियातल्या केली फोर्डच्या लढाईत जखमी झाला. त्याला न्यायला रुग्णगाडी नव्हती. घोड्यावर बसवून मागे आणावं लागलं. तो वाचला नाही. बापाने पुस्तिका छापली, पाठपुरावा सोडला नाही. मार्च १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ही पद्धत साऱ्या सैन्याला लागू करणारा कायदा केला.

लेटरमनच्या हुकमातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. रुग्णगाडी आजारी आणि जखमींखेरीज दुसऱ्या कामाला जुंपायची नाही, असं त्याने मुद्दाम लिहून ठेवलं आहे. कारण तोवर अधिकारी मंडळी तीच गाडी घेऊन खुशाल फिरायला जात.