ठाम विश्वास म्हणजे सत्य का?

नमस्कार. मतभेद विकोपाला जाऊ लागला की आपल्याकडे कोणीतरी समजुतीच्या सुरात म्हणते, "जाऊ दे, तुझ्यापुरते ते खरे, माझ्यापुरते हे खरे." भांडण मिटवायला हे वाक्य सोयीचे आहे, यात शंका नाही. परंतु ते आपण मनापासून मानले, तर एखादी गोष्ट खरी असणे आणि ती मला खरी वाटणे यांत काही अंतरच उरत नाही. हे अंतर जपले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते का, हे आज आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या उदाहरणांवरून सांगायचे आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करायला हवी. काही सत्ये माणसांच्या मान्यतेतूनच निर्माण होतात. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची यात्रा पंचांगातल्या एखाद्या ठरलेल्या तिथीला नसते. देवीचा कौल घेऊन तिची तारीख निश्चित केली जाते. ती जाहीर झाली की एसटीच्या जादा गाड्या ठरतात, मुंबईतले चाकरमानी रजेचे अर्ज टाकतात, आणि "यात्रा अमुक दिवशी आहे" हे विधान त्या घटकेपासून सर्वांसाठी खरे होते, कौलावर विश्वास नसलेल्या माणसासाठीसुद्धा. मात्र येथेही सत्य घडवते ती समाजाची मान्यता. एकट्या माणसाची समजूत नव्हे. यात्रा पुढच्या आठवड्यात आहे असे मी कितीही निष्ठेने मानले, तरी त्या दिवशी आंगणेवाडीत मला गर्दी भेटणार नाही.

आता जरा अवघड उदाहरण घेऊ.

(पडद्यावर: वाघोटन खाडीच्या मुखाशी उभा असलेला विजयदुर्ग, नंतर किल्ल्यातले ओटे.)

देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर काही ओटे आहेत. कोणी त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात, कोणी साहेबाचे कट्टे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, त्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवरून सूर्य पाहिला आणि येथेच हेलियमचा शोध लागला, असे या परिसरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. हा विश्वास प्रामाणिक आहे, त्यामागे आपल्या भूमीविषयीचे प्रेम आहे, आणि त्याच्याकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे मी या किनाऱ्याचा माणूस म्हणून सांगतो.

परंतु १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूर येथून पाहिले. लॉकियर यांना मागवलेला वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगारंगांत वेगळा करून दाखवणारे उपकरण, त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हाती आला, आणि २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहण नसतानाच, इंग्लंडमधून, सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. ते विजयदुर्गला आले ते ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्यावर ब्रिटिश नौदलाच्या खलाशांच्या मदतीने त्यांनी खरोखरच उपकरणे उभी केली आणि निरीक्षणे घेतली. दोन ग्रहणे, एकच साहेब, एकच हेलियम. लोकस्मृतीत या दोन घटना एकमेकींत मिसळून गेल्या असाव्यात, हे सहज समजण्यासारखे आहे. परंतु सांगणारे किती आहेत, किती पिढ्या सांगत आहेत आणि किती प्रेमाने सांगत आहेत, यांवरून लॉकियर त्या दिवशी कोठे होते हे ठरत नाही. ते जेथे होते तेथेच होते.

याच लॉकियर यांच्या कामात आजच्या प्रश्नाचे उत्तर अधिक स्वच्छ दिसते, म्हणून येथे थोडे रेंगाळू या. वर्णपट म्हणजे प्रकाशाचे रंगांत उलगडलेले रूप, आणि त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा आपापल्या ठरावीक जागीच पडतात. सूर्याच्या वर्णपटात त्यांना एक पिवळी रेषा दिसली. ग्रहण पाहणाऱ्या काहींनी ती सोडियमची मानली होती, कारण सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात आणि ही रेषा त्यांच्या अगदी शेजारी होती. पण ती ५८७.६ नॅनोमीटरच्या जवळ पडत होती. एवढासा फरक, पण तो मोजता येत होता आणि तो कोणाच्या मताने कमी-जास्त होत नव्हता. लॉकियर यांनी या रेषेमागे पृथ्वीवर अज्ञात असलेले मूलद्रव्य मानले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही. शेवटी १८९५ मध्ये लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांना क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा मिळाली, आणि वाद संपला.

आता याची जुळी गोष्ट पाहा. १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेतील शास्त्रज्ञांना सूर्याच्या प्रभामंडळात, म्हणजे ग्रहणात त्याच्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयात, एक हिरवी रेषा दिसली. तीही कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. त्याच तर्काने, तितक्याच आत्मविश्वासाने, आणखी एक नवे मूलद्रव्य मानले गेले. त्याला कोरोनियम असे नाव दिले गेले आणि ते अनेक दशके ग्रंथांत वावरले. १९४० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ ग्रोट्रियान आणि स्वीडिश शास्त्रज्ञ एडलेन यांच्या कामातून स्पष्ट झाले की ती रेषा लोखंडाची आहे. प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्यामुळे तेथे लोखंडाच्या अणूतले १३ इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात, आणि अशा अणूची ती रेषा असते. म्हणजे कोरोनियम नावाचे काही नव्हतेच.

हेलियमवर विश्वास ठेवणारे आणि कोरोनियमवर विश्वास ठेवणारे यांच्या मनात डोकावून पाहता आले असते, तर तेथे काय फरक दिसला असता? माझ्या मते काहीच नाही. खात्री तीच, विचाराची पद्धत तीच, प्रामाणिकपणाही तोच. तरीही एक मत खरे निघाले आणि दुसरे खोटे. ज्या अर्थी खऱ्या आणि खोट्या मतांबरोबर येणारी खात्री अगदी सारखीच असू शकते, त्या अर्थी खात्री ही सत्याची खूण होऊ शकत नाही. ती आपल्याविषयी काही सांगते, सूर्याविषयी नाही.

भारतीय दर्शनांत या प्रश्नावर मोठा वाद झालेला आहे. मीमांसकांच्या, म्हणजे मीमांसा दर्शन मानणाऱ्यांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे खरेपण, स्वतःसिद्ध असते; बाध येईपर्यंत, म्हणजे ते खोटे ठरवणारे दुसरे ज्ञान येईपर्यंत, ते खरे मानूनच चालावे. न्याय दर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नव्हते. ज्ञानाचे खरेपण त्या ज्ञानाच्या बाहेरून, विशेषतः त्यावर विसंबून केलेली कृती सफल होते की नाही यावरून ठरते, असे ते म्हणत. मृगजळाकडे धावणाऱ्यालाही पाणी दिसतेच, पण त्याची तहान भागत नाही. मी या वादात नैयायिकांच्या बाजूचा आहे. तरी लक्षात घ्या, बाधक ज्ञान आल्यावरही "माझ्यापुरते ते खरेच" असे म्हणत राहण्याची मुभा मीमांसकसुद्धा देत नाहीत.

मग देवावरच्या श्रद्धेचे काय, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्त आहे. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातल्यावर एखाद्या आईच्या मनावरचे ओझे उतरले, तर ते उतरले हे पूर्ण सत्य आहे आणि ते नाकारण्याचा उद्धटपणा कोणी करू नये. परंतु "माझे मूल देवीने बरे केले" असे ती म्हणते तेव्हा ती स्वतःच्या मनाविषयी बोलत नसते. जगात काय घडले याविषयी बोलत असते. तिला "ते तुमच्यापुरते खरे" असे म्हणणे हा मला आदर वाटत नाही. तिचे म्हणणे ऐकून न घेताच ते बाजूला सारण्याची ती सभ्य रीत आहे. खऱ्या श्रद्धावानाला आपला देव आपल्यापुरताच आहे असे कधी वाटत नाही.

हे सगळे शब्दांचे खेळ नाहीत, हे विंचवाकडे पाहिले की कळते.

(पडद्यावर: जांभ्या दगडाचा गडगा आणि त्याच्या फटी.)

कोकणात जांभ्या चिऱ्यांच्या फटींत, पेंढ्यांत आणि लाकडांच्या ढिगात लाल विंचू राहतो. तो चावला की मांत्रिकाकडे नेऊन विंचू उतरवण्याची प्रथा जुनी आहे, आणि "माझा उतरला, मी अनुभवले आहे" असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. बहुतेक दंशांत वेदना प्रचंड असते, पण जिवाला धोका नसतो, आणि काही तासांनी ती आपोआप ओसरते. त्या वेळात मंत्र म्हटला गेला असेल, तर श्रेय मंत्राला जाते. ज्याचा दंश घातक होता तो अनुभव सांगायला मागे राहिला नाही.

१९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या बिरवाडी येथे आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे नोंदवायला सुरुवात केली. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मग चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसांत साचणारे पाणी. विषामुळे शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हे त्यातून स्पष्ट होत गेले. १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर त्यांनी रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे औषध या रुग्णांना देऊन पाहिले. पूर्वी गंभीर दंशांत ३० टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावत. प्राझोसिनमुळे हे प्रमाण काही टक्क्यांच्या आत आले. या औषधावर रुग्णाचा विश्वास असावा लागत नाही. शुद्धीत नसलेल्या मुलावरही ते काम करते.

म्हणून घरात कोणाला विंचू चावला, तर देवाचे नाव जरूर घ्या, अंगारा लावायचा असेल तर लावा, त्याला क्षणभर लागतो. पण त्याच वेळी गाडी काढा, आणि लहान मूल असेल तर लक्षणे दिसण्याची वाट पाहत थांबू नका. आरोग्य केंद्रात पोहोचल्यावर दंश किती वाजता झाला, उलटी झाली का, घाम किती आला आणि हातपाय कधीपासून गार पडले आहेत, हे डॉक्टरांना नीट सांगा.