नेपाळची वीज, नाशिकचा कांदा

श्रोतेहो, नमस्कार.

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची वीज पहिल्यांदा बांगलादेशात पोचली. किती, तर ४० मेगावॅट. आपल्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, म्हणजे अंदाज येईल! तरीही मला ही घटना मोठी वाटते. या दोन देशांची सीमा एकमेकांना कुठेच लागत नाही, मधे भारत आहे. नेपाळची वीज ढल्केबरहून बिहारमधल्या मुजफ्फरपूरला येते आणि आपल्या ग्रिडमध्ये मिसळते. तेवढीच वीज पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरहून पलीकडे भेरामाऱ्याला दिली जाते.

करार पाच वर्षांचा आहे आणि वीज द्यायची ती दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर. पावसाळ्यात हिमालयातल्या नद्या दुथडी भरून वाहतात, तेव्हा नेपाळकडे वीज उरते. हिवाळ्यात पाणी आटलं की हाच नेपाळ आपल्याकडून वीज घेतो. या करारावर सह्या खरं तर जुलैअखेरीस व्हायच्या होत्या. पण ढाक्यात आंदोलन पेटलं आणि ऑगस्टमध्ये शेख हसीनांचं सरकार गेलं. नवं अंतरिम सरकार आणि दिल्ली यांचे संबंध ताणलेले होते, तरी ३ ऑक्टोबरला काठमांडूत तिन्ही देशांच्या वीजसंस्थांनी सह्या केल्या. ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार आहे, त्याची वीज भारत घेत नाही. नेपाळला ही अट जाचते. पण ती लेखी आहे, आधीपासून माहीत आहे.

आता कांद्याकडे येऊ.

२९ सप्टेंबर २०१९ला भारताने कांद्याची निर्यात बंद केली. नंतर चारच दिवसांनी शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. उद्योजकांसमोर त्या हसत हसत हिंदीत म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, आता जेवणात कांदा बंद. सभागृहात हशा पिकला. पण त्यांचं पुढचं म्हणणं गंभीर होतं: आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबरला, पुन्हा तेच. सीमेवर कांद्याचे ट्रक अडकून पडले, माल सडू लागला. डिसेंबर २०२३मध्ये तिसऱ्यांदा.

लासलगावात याचे हाल वेगळे सांगायला नकोत. बंदीची बातमी आली की लिलावातला भाव कोसळतो, शेतकरी रस्त्यावर येतो. तिकडे ढाक्यातल्या गृहिणीला कांदा परवडेनासा होतो. आपल्या शहरी ग्राहकाला दिलासा मिळतो हे खरं, पण ढाक्याचे व्यापारी म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान अशी दारं ठोठावतात आणि आपलं हक्काचं गिऱ्हाईक हातचं जातं.

असल्या अडचणीसाठीच सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची संघटना, आहे ना, असं कुणी विचारेल. कागदावर आहे. अडीअडचणीला धान्य देण्यासाठी सार्कची अन्नबँकही आहे, २००७ साली दिल्लीच्याच परिषदेत ठरलेली. पण सार्कमध्ये प्रत्येक निर्णय एकमताने घ्यावा लागतो, आणि २०१४च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच झालेली नाही. तिची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा मालदीवकडे बघा. १९८१च्या करारानुसार भारत दरवर्षी तांदूळ, गहू, साखर, कांदा अशा वस्तूंचा ठरावीक कोटा मालदीवसाठी राखून ठेवतो. ‘भारत हटाव’ म्हणत मुइझ्झू तिथे अध्यक्षपदी निवडून आले, भारतीय सैनिकांना परत पाठवायचा हट्ट धरला. तरी एप्रिल २०२४मध्ये दिल्लीने हा कोटा मंजूर केला, उलट थोडा वाढवूनच. आणि त्या वेळी कांद्याची निर्यातबंदी चालूच होती, बरं का!

बांगलादेशानेही २०२२च्या डिसेंबरमध्ये असाच वार्षिक कोटा मागितला होता. मालदीवची लोकसंख्या पाच-सहा लाख, बांगलादेशाची सतरा कोटींच्या घरात. तेव्हा हा सौदा दिल्लीला जड वाटणार, हे समजण्यासारखं आहे. पण कोटा लहान ठेवता येतो. पीक बुडालेल्या वर्षी तो किती टक्के घटेल हेही आधीच लिहिता येतं. मग बंदीच्या वर्षीही नाशिकहून कांद्याच्या काही मालगाड्या बांगलादेशाकडे रवाना होतील, आणि त्या किती, हे लासलगावच्या शेतकऱ्याला रोप लावतानाच माहीत असेल.

नमस्कार.