मांचूंचं राज्य बसलं ते १६६१ साली

मंडळी, चीनमध्ये मांचूंचं, म्हणजे ईशान्येकडून आलेल्या छिंग घराण्याचं, राज्य कधी आलं असं विचारलं, की शाळेच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षेपर्यंत एकच उत्तर मिळतं: १६४४. बीजिंग हाती आलं, संपला विषय. माझी या उत्तराबद्दल जुनी तक्रार आहे. राजधानी घेणं वेगळं आणि बड्या जमीनदाराकडून सारा वसूल करणं वेगळं. दुसरी गोष्ट जमली, तर राज्य बसलं म्हणायचं. म्हणून माझं वर्ष १६६१.

५ फेब्रुवारीला शुंझी बादशहा देवीच्या रोगाने गेला, वय अवघं २२. मांचूंना देवीची फार धास्ती. गादीसाठी निवडला तिसरा मुलगा, ज्याला सात वर्षंही पुरी नव्हती. का? तर त्याला देवी येऊन गेल्या होत्या, पुन्हा यायची भीती नव्हती! हाच पुढचा कांगशी. ६१ वर्षं राज्य केलं. साथीच्या भयाने त्याला लहानपणी राजवाड्याबाहेर ठेवलं होतं. आईवडिलांचा सहवास लाभला नाही, ही खंत त्याने पुढे बोलून दाखवली. असो. मुलाच्या नावाने कारभार चार मांचू सरदारांकडे गेला आणि हात कडक झाला.

आता यांगत्सेच्या मुखाजवळच्या सूचौ शहराला चला, कारण ही हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिथे जिन शेंगथान नावाचा रसिक टीकाकार होता. कादंबऱ्या आणि नाटकं ही अभिजात ग्रंथांच्या पंक्तीला बसवावीत असं म्हणणारा माणूस! १६६० साली त्याच्या कानावर आलं, की खुद्द बादशहाने त्याच्या लेखनाचं कौतुक केलं. तो रडला, उत्तरेकडे तोंड करून त्याने दंडवत घातला, कृतज्ञतेच्या कविता लिहिल्या.

पुढच्याच वर्षी बादशहाच्या निधनाची वार्ता सूचौत पोचली. अधिकारी सुतकाच्या विधीला जमले होते. तिथला नवा दंडाधिकारी थकबाकीसाठी लोकांना फटके मारत होता आणि सरकारी कोठारातलं तांदूळ विकून स्वतःचं भलं करत होता. विद्यार्थी कन्फ्यूशियसच्या मंदिरात जमले, तिथे आक्रोश केला आणि तक्रारीचा अर्ज घेऊन थेट त्या विधीच्या जागी गेले. प्रांताधिकारी चू क्वोचीने ठपका कोणता ठेवावा? दिवंगत बादशहाच्या आत्म्याला त्रास दिला! ऑगस्टमध्ये नानजिंगला १८ जणांची मुंडकी उडवली. त्यांत जिन शेंगथान होता. ज्या बादशहासाठी त्याने कविता केल्या, त्याच्याच अवमानापायी हा माणूस मारला गेला. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, दरवेळी तेवढाच संताप येतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मुख्य मुद्दा राहिलाच, तो झरझर सांगतो.

एक, त्याच वर्षी जियांगनानमधल्या, म्हणजे सूचौ ज्यात येतं त्या सुपीक प्रदेशातल्या, थकबाकीदारांवर वरवंटा फिरला. तेरा हजारांहून अधिक पदवीधर आणि प्रतिष्ठित यादीत आले. राजपरीक्षेत देशात तिसरा आलेला य फांगआइ एका कवडीएवढ्या बाकीपायी पदावरून गेला. मांचूंआधीच्या मिंग घराण्याच्या काळात ज्यांना कर बुडवण्याची सवय होती, त्यांना कळलं की आता तसं चालायचं नाही.

दोन, समुद्र. मिंगांच्या बाजूने लढणारा आरमारी सरदार चंग छंगकुंग, त्याला किनाऱ्यावरून रसद मिळू नये म्हणून फुच्येन, क्वांगतुंग अशा प्रांतांत किनाऱ्यालगतची वस्ती उठवायचा हुकूम निघाला. गावं जाळली, माणसं आत हाकलली. चंग त्याच वसंतात तैवानवर उतरून डचांच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता.

तीन, मिंग घराण्याचा शेवटचा दावेदार युंगली ब्रह्मदेशात लपला होता. मांचूंचा सेनापती वू सानग्वी फौज घेऊन त्याच्या मागावर गेला, आणि १६६२ उजाडताच तो हाती लागला.

म्हणजे पैसा, किनारा आणि गादीचा प्रतिस्पर्धी, तिन्हींचा बंदोबस्त या वर्षाच्या आसपास झाला. १६७३ मध्ये वू सानग्वीच उलटला, तेव्हा हीच जियांगनानची मंडळी मांचूंच्या बाजूला राहिली. आणि युन्नानमध्ये वूने बंडाच्या सुरुवातीलाच ज्याला ठार केलं, तो तिथला प्रांताधिकारी चू क्वोची, सूचौचाच.