रिअ‍ॅक्शन झाली का?

[दृश्य: वॉटर बाथमध्ये कोनिकल फ्लास्क. काचेच्या रॉडने ढवळणारा हात.]

दोन ग्रॅम सॅलिसिलिक अ‍ॅसिड, त्यावर अ‍ॅसेटिक अनहायड्राइड आणि फॉस्फरिक अ‍ॅसिडचे काही थेंब. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हमखास येणारी अ‍ॅस्पिरिनची तयारी. पांढरी पूड विरघळली, द्रव नितळ झाला. पण पूड विरघळली म्हणजे रिअ‍ॅक्शन झाली असं नव्हे. सॅलिसिलिक अ‍ॅसिड बिनरंगी, अ‍ॅस्पिरिनही बिनरंगी. नुसतं बघून काय कळणार?

पुस्तक सांगतं, पंधरा मिनिटं तापवा. पण बाथ खरंच किती गरम होता, अ‍ॅसिड किती पडलं, हे पुस्तकाला कुठून ठाऊक असणार? म्हणून टीएलसी, म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, लावायची: प्लेटवर सॉल्व्हंट (द्रावक) वर चढतो आणि मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर नेऊन सोडतो.

[दृश्य: टीएलसी प्लेट, अगदी जवळून.]

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिका जेलचा पातळ थर. १९५०च्या दशकात जर्मनीत एगॉन श्टाल यांनी हे तंत्र शिस्तीत बसवलं आणि ते जगभरच्या लॅबमध्ये पोचलं. खालच्या कडेपासून थोडं वर पेन्सिलीने रेघ. पेन नको, शाई सॉल्व्हंटबरोबर वर पळते. रेघेवर तीन ठिपके: डावीकडे शुद्ध सॅलिसिलिक अ‍ॅसिड, उजवीकडे आपलं मिश्रण आणि मधोमध दोन्ही एकावर एक. हा मधला ठिपका पुष्कळ जण टाळतात, आणि खरं भांडण तोच मिटवतो. शेजारशेजारचे दोन ठिपके साधारण एकाच उंचीवर आले, तर पदार्थ एकच की वेगवेगळे? एकच असेल तर मधल्या रांगेत एकच ठिपका राहतो. वेगळे असतील तर तो लांबुळका होतो किंवा दुभंगतो.

ठिपका बारीक हवा. कॅपिलरी टेकवायची, लगेच उचलायची. प्लेट हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेटच्या मिश्रणात उभी करायची, त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा एखादा थेंब. तो नसेल तर ही अ‍ॅसिडं शेपटी सोडत वर जातात आणि काहीच वाचता येत नाही.

[दृश्य: अंधाऱ्या कपाटात यूव्ही दिवा. हिरवी चमकणारी प्लेट.]

२५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात प्लेट हिरवी चमकते आणि अ‍ॅस्पिरिनचा ठिपका त्यावर काळसर उठतो. सॅलिसिलिक अ‍ॅसिड स्वतःच निळसर चमकतं, त्यामुळे ते सहज ओळखू येतं. मिश्रणाच्या रांगेत तो निळसर ठिपका उरला नाही, की स्टार्टिंग मटेरियल संपलं म्हणायला हरकत नाही.

पण एकच ठिपका दिसला म्हणून माल शुद्ध, असं म्हणायची घाई नको. फ्लास्कमध्ये जास्तीचं अनहायड्राइड आहे, तयार झालेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आहे. त्यांच्यात बेंझिनचं वलय नाही, म्हणून या दिव्याखाली ती दिसतच नाहीत. पाणी तर नाहीच नाही. रिअ‍ॅक्शन संपली का, हे प्लेट सांगते. हातात आलेला पदार्थ शुद्ध आहे का, ते वेगळं तपासावं लागतं.

[दृश्य: बर्फात ठेवलेला बीकर. बुखनर फनेलवर पांढरे स्फटिक.]

पाणी घालून थंड केलं, गाळलं, अल्कोहोल आणि पाण्यातून रीक्रिस्टलायझेशन केलं, म्हणजे विरघळवून पुन्हा स्फटिक पाडले. दोन ग्रॅममधून जास्तीत जास्त २.६ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन मिळू शकतं. तराजूवर तीन ग्रॅम भरले की मुलं खूश होतात. सरांना मात्र तेवढ्यावरच कळतं, की माल ओला आहे.

चिमूटभर स्फटिक अल्कोहोलमध्ये विरघळवून फेरिक क्लोराइडचा थेंब. जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड अजून आत आहे. त्याचा मोकळा फिनॉलिक गट लोहाशी जुळून हा रंग देतो. अ‍ॅस्पिरिनमध्ये तो गट झाकलेला असतो.

[दृश्य: थिली ट्यूब, थर्मामीटरला बांधलेली कॅपिलरी, छोटा बर्नर.]

आता मेल्टिंग पॉइंट. एका तोंडाने बंद केलेल्या कॅपिलरीत पूड ठोकून भरायची, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. ती थर्मामीटरला बांधून लिक्विड पॅराफिनमध्ये सोडायची. अ‍ॅस्पिरिन १३५ अंशांच्या आसपास वितळतं, सॅलिसिलिक अ‍ॅसिड १५८च्या आसपास. मग त्याची भेसळ असेल तर आकडा वर चढायला हवा ना? होतं उलटं. स्फटिकांची घडी विस्कटते, आकडा खाली घसरतो आणि वितळणं लांबत जातं: १२६ला पूड ओलसर दिसते, १३२ला कुठे सगळी वितळते. म्हणून प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एक आकडा लिहून भागत नाही. सुरुवात आणि शेवट दोन्ही हवेत.

बर्नर शेवटी अगदी मंद. अ‍ॅस्पिरिन वितळता वितळता विघटितही होतं, त्यामुळे रेंगाळत तापवलं तरी आकडा बिघडतो आणि घाई केली तर थर्मामीटर मागे पडतो. १२० पर्यंत भरभर जायचं, पुढे मिनिटाला एक-दोन अंश.

आणि आकडा घसरलेला असेल, तर पहिल्यांदा स्फटिक नीट वाळवायचे. बऱ्याचदा दोष रिअ‍ॅक्शनचा नसतो, आत अडकलेल्या पाण्याचा असतो. वाळवून पुन्हा कॅपिलरी भरायची. १३४ ते १३६ आलं, तर नमुना बाटलीत, बाटलीवर लेबल, आणि जर्नल सरांच्या टेबलावर सहीला.