शेवटच्या पानावरचा पत्ता

मंडळी, नमस्कार.

माझी ओळख करून देताना आत्ता मी राहिलेल्या देशांची यादी वाचली गेली. मला मात्र आज दूतावासातल्या एका खिडकीबद्दल बोलायचं आहे.

मी नागपूरचा, महाल भागातला. परराष्ट्र सेवा म्हणजे करार आणि मेजवान्या, अशी आमच्या गल्लीत समजूत होती आणि माझीही तीच होती. प्रशिक्षणाची मसुरी झाली, दिल्ली झाली. या सेवेत प्रत्येकाला एक परकी भाषा शिकावीच लागते. माझ्या वाट्याला अरबी आली. ती कैरोत शिकलो आणि आखातातल्या एका दूतावासात तृतीय सचिव म्हणून कॉन्सुलर विभागात, म्हणजे तिथल्या आपल्या माणसांची कामं होतात त्या खिडकीवर, रुजू झालो.

दुसऱ्याच महिन्यात एका बांधकामावर उमरेडकडचा एक मुलगा पडून गेला. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता होता, पण ते घर त्या कुटुंबानं केव्हाच सोडलेलं. पोलिसांकरवी वडिलांचा नंबर मिळेपर्यंत तीन दिवस गेले. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं. पलीकडून आवाज आला, "कोन बोलता जी?" आणि कागद बाजूला राहिला, तोंडातून आपली बोलीच निघाली. ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, पोराले कवा आनता जी?"

या 'कवा'चं उत्तर द्यायला काय काय लागतं! तिथला मृत्यू दाखला, पोलिसांचा अहवाल, दूतावासात मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणं, एम्बामिंगचा, म्हणजे शव टिकवण्याच्या प्रक्रियेचा, दाखला, आमचं ना-हरकत पत्र, मग विमानाची जागा. एक कागद अडला की सगळं अडतं. शिवाय मालकानं खर्चाला हात वर केले होते. अशा खर्चासाठीचा भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ साली आला. तेव्हा तो नव्हता. पैसे तिथल्या मराठी मंडळानं दोन संध्याकाळी जमवले. अकराव्या दिवशी पेटी मुंबईमार्गे नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर उतरली. माझे मोठे भाऊ महालातून गाडी घेऊन तिथे उभे होते.

२०१५ साली युद्ध पेटलेल्या येमेनमधून भारतानं साडेपाच हजारांवर माणसं बाहेर काढली, त्यांतली नऊशेवर परदेशी होती. ते जगानं पाहिलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण आमची रोजची नोकरी त्या खिडकीवरच चालते.

आणखी एक, विशेषतः इथल्या तरुण मुलांसाठी. परदेशात अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवून घेण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानं दिला आहे. पण कळवा असं त्या माणसानं स्वतः म्हणावं लागतं. घाबरलेला मुलगा ते म्हणत नाही. त्याला आधीच सांगून ठेवा. आणि घर बदललं की पासपोर्टवरचा पत्ताही बदलून घ्या, आजच्या आज.

पुढे रजेवर आलो तेव्हा उमरेडला त्या वडिलांना भेटायला गेलो. रद्द करताना कोपरा कापलेला तो पासपोर्ट त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला होता. त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. जुना पत्ता खोडून त्याखाली बॉलपेननं नवा लिहिला होता.