बोटं झडत नाहीत

मंडळी, आधी एक करून पाहा. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खाचेत बोट जरा दाबा. करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या? तिथे अल्नर नावाची नस, म्हणजे मज्जातंतू, कातडीला अगदी लागून जाते. कुष्ठरोग्याचा हात बिघडतो तो बहुतेक वेळा इथूनच.

१९४७ साली डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सर्जन होते. जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, शिक्षण लंडनचं. त्वचारोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चेंगलपट्टूच्या कुष्ठालयात नेलं. बोटं आत वळलेल्या एका रुग्णाला ब्रँड म्हणाले, माझा हात दाब. त्याने असा दाबला की नखं रुतली. त्या कळवळण्यातच ब्रँडना कळलं की याचे कोपर ते मनगट यांमधले स्नायू धडधाकट आहेत. लुळे पडलेत ते फक्त तळहातातले छोटे स्नायू.

पुढे शवविच्छेदनांत दिसलं की या रोगात नसा सगळीकडे सुजत नाहीत. कोपरामागे, मनगटाच्या वर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याजवळ, म्हणजे जिथे त्या कातडीजवळ आणि म्हणून थंड असतात, तिथेच सुजतात. जंतूला गारवा मानवतो. सर्जनच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. कारण कुठले स्नायू जाणार आणि कुठले राहणार, हे आधीच सांगता येणार होतं. जे राहणार, ते उसने घेता येणार होते.

उसने कसे? अंगठा सोडला तर प्रत्येक बोट मिटायला दोन टेंडन, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणाऱ्या दोऱ्या, असतात, एक वरचा, एक खोल. खोलचा एकटाही काम भागवतो. मग मधल्या बोटाचा वरचा टेंडन सोडवायचा, त्याचे उभे चार पदर करायचे, तळहातातून पुढे नेऊन चारी बोटांच्या पाठीकडच्या पडद्याला शिवायचे. ओढ लागली की बोट बुंध्याशी वाकतं आणि टोकाशी सरळ होतं. ही युक्ती ब्रँडची नव्हे. पोलिओ आणि युद्धातल्या जखमांसाठी ती आधीच वापरात होती. पण कुष्ठरोग्याचं मांसच ‘खराब’, त्यात टाका धरणार नाही, असं भले भले डॉक्टर मानत. वेल्लोरला टाके धरले, जखमा भरल्या.

प्लास्टर निघाल्यावर खरी परीक्षा. मेंदूच्या लेखी तो टेंडन अजून मधलं बोट मिटणाराच असतो. ‘मधलं बोट वाकव’ म्हटलं की चारी बोटं सरळ होतात! रुग्ण चकित होऊन स्वतःच्या हाताकडे बघत राहतो. तिथून फिजिओथेरपिस्ट त्याला हात नव्याने शिकवतो. या टप्प्याबद्दल आपण फार कमी बोलतो, याचं मला वाईट वाटतं.

हालचाल परतली, संवेदना मात्र परतली नाही. ब्रँडना एक खोली उघडायची होती, गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना. एका मुलाने ती सहज फिरवली. त्याच्या बोटातून रक्त गळत होतं, जखम हाडापर्यंत गेली होती, आणि त्याला पत्ताच नव्हता. ‘महारोगात बोटं झडतात’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. बोटं झडत नाहीत, मंडळी. न कळलेल्या भाजण्याने, कापण्याने, त्या जखमा चिघळून ती झिजत जातात. ब्रँड तरुणपणी गवंडीकाम, सुतारकाम शिकले होते. वेल्लोरच्या ‘नवजीव निलयम’ या पुनर्वसन केंद्रात रुग्ण सुतारकाम करू लागले तेव्हा हत्यारांच्या मुठी कशा हव्यात, यावरही त्यांनी तितकाच विचार केला. तळपायाच्या वर्षानुवर्षांच्या जखमा नुसत्या प्लास्टरमध्ये बांधून विश्रांती दिली की भरत, हेही तिथे दिसलं.

आणि वेल्लोरच्याच डॉ. मेरी व्हर्गीस! १९५४ च्या अपघातात त्यांचं कमरेखालचं शरीर निकामी झालं. त्यानंतर त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून हे हात दुरुस्त केले. हाताची शस्त्रक्रिया बसून करतात, हे तेव्हा किती उपयोगी पडलं असेल.

आपल्याकडे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अँटिया, इंग्लंडमधले नामवंत प्लास्टिक सर्जन सर हॅरॉल्ड गिलीज यांचे शिष्य, पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात बसलेली नाकं, गेलेल्या भुवया परत उभ्या करत होते. भुवई कशाला, असं कुणाला वाटेल. हात बरा झालेल्या माणसाला एसटीत शेजारी जागा मिळायची तर भुवई लागत होती.

एक चिठ्ठी आली आहे: ही शस्त्रक्रिया आजही होते का? होते. एमडीटीच्या, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याच्या उपचाराच्या, गोळ्यांमुळे वेळेवर सापडलेल्या रुग्णाला तिची गरज सहसा पडत नाही. उशिरा आलेल्याला पडते. शिवाय काचेने मनगट कापून नस तुटलेला कुणी आला, आणि नस जोडूनही बोटं सरळ झाली नाहीत, तर त्याच्यासाठीही हाच टेंडन, हीच वाट.